साहेबांची शिवारफेरी

पुंजाराम साहेब कृषी सहायक होते तेव्हा सायखेड्याच्या पंचक्रोशीत ते क्वचितच घरी जेवत. ज्याच्या द्राक्षबागेत रोग, त्याच्या ओट्यावर पिठलं-भाकरी. निवृत्तीनंतर त्यांनी व्हॉट्सअॅपवर शेतकऱ्यांचा ग्रुप काढला आणि स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. लोक पानांचे फोटो टाकू लागले, साहेब आवाज रेकॉर्ड करून औषध सांगू लागले. सल्ला पार दिंडोरीपर्यंत पोचला, साहेबांच्या दारात मात्र कुणी फिरकेना. बायको गेल्यापासून दिवसभरात ते मोबाइलशी बोलत तेवढंच.

ऑक्टोबरात द्राक्षाची गोडी छाटणी झाली आणि त्यांना राहवेना. माणसं बघायची होती त्यांना, दुसरं काही नाही. ग्रुपवर लिहिलं, 'रविवारी सकाळी फुलाबाईंच्या बागेत शिवारफेरी. डावणी रोग ओळखायला शिकू. सर्वांनी यावे.' धडाधड अंगठे आले. साहेब हरखले, एवढे सगळे येणार! अहो, आपल्याकडे अंगठा म्हणजे 'वाचलं', एवढंच. लग्नाच्या पत्रिकेला अंगठा, दहाव्याच्या निरोपालाही अंगठा. पण हे त्यांना कोण सांगणार?

रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून साहेब हजर. फुलाबाईंनी सतरंज्या अंथरल्या, मोठ्या पातेल्यात चहा ठेवला. ऊन चढलं तरी कुणी आलं नाही.

"साहेब, च्या निवला," फुलाबाई म्हणाल्या. "आता कोन येतंय? समद्यांना मोबाइलमधीच दिसतंय."

तेवढ्यात ग्रुपवर ज्ञानेशचा निरोप आला, 'फवारणी चालू हाय साहेब. व्हिडिओ टाका ना, निवांत बघू.'

साहेबांना फार लागलं ते. फोन गोदावरीत फेकावा असं वाटलं. पण सवय वाईट. त्यांनी फोन वेलींच्या मांडवाच्या तारेला बांधला, फेसबुकवर लाइव्ह सुरू केलं आणि ग्रुपवर लिंक टाकली. पान उलटून खालची पांढरी बुरशी दाखवली. शिकवलं झकास, त्यात वाद नाही. फक्त जुन्या सवयीने मध्येच म्हणाले, "मागचे जरा पुढं या, नीट बघा." मागे फुलाबाईंच्या वेली होत्या.

प्रश्न येऊ लागले. औषध किती, पाणी किती, पाऊस आला तर काय. साहेब एकेकाचं नाव घेऊन उत्तर देत होते, चेहरा उजळला होता. मग गावातल्या गोटीरामच्या सुनेचा, प्रतिभाचा प्रश्न आला, 'साहेब, तिथं कुणीच आलं नाही का?'

साहेबांनी तो दोनदा वाचला.

"रेंज गेली वाटतं," ते फोनकडे बघून म्हणाले आणि लाइव्ह बंद केलं.