हिरव्या दगडाचा शेणकिडा

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरची ती केस निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून जात नाही. नावं सांगणार नाही.

आमच्या ठाण्यात मराठी बोलणारा डिटेक्टिव्ह मी एकटाच. मराठी घरातली तक्रार आली की साहेब फाइल माझ्याच टेबलावर आपटायचे. तक्रारदार आयटीतला, वडील नुकतेच वारलेले. त्यांनी हौसेनं जमवलेले प्राचीन इजिप्तचे ताईत, दगडात कोरलेले शेणकिडे, म्युझियमला द्यायचे होते. त्यातला सर्वांत मोठा, हिरवा, गायब. संशय एकीवरच: ताइतांचे फोटो काढायला घरी येणारी नागपूरची पीएचडीची विद्यार्थिनी.

"आईंशी बोलायचंय," मी म्हटलं.

"आईला यात नको, सर. आधीच बाबांचं दुःख, त्यात हे टेन्शन कशाला?"

मुलीची चौकशी केली, खोलीची झडती घेतली. काही नाही. खोटं बोलणारा दाराकडे बघतो. ही सरळ माझ्याकडे बघत होती. "काका, चोरायचाच असता तर सगळ्यात मोठा उचलला असता का? लगेच कळेल ना यार!"

बरोबर होतं तिचं. पण युनिव्हर्सिटी थांबली नाही. काम गेलं, पाठोपाठ व्हिसा गेला, पोरगी नागपूरला परतली.

मग मात्र मी हट्टाला पेटलो. मुलाचं न ऐकता त्याच्या आईसमोर, काकूंसमोर, जाऊन बसलो. चहा पुढे करत त्यांनीच विचारलं, "ती पोरगी हल्ली येत नाही हो. रागावली का?"

मी चोरीचं सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! चोरी कसली? तो मेला शेणकिडा मी ह्यांच्या छातीवर ठेवला, अग्नी द्यायच्या आधी. हेच सांगायचे, तिकडे मेलेल्याच्या छातीवर ठेवत. त्यावर कोरलेलं असतं, 'हृदया, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस.' मला कुणी विचारलंच नाही!"

दहनगृहानं अस्थींसोबत एक बंद पाकीट दिलं होतं. आईला दिसायला नको म्हणून मुलानं ते न उघडताच कपाटात ठेवलं होतं. त्यात ताईत निघाला, तडकून दोन तुकडे झालेला.

मी नागपूरला फोन लावला. युनिव्हर्सिटी तिला परत बोलवत होती.

"नाही येणार, काका. आईबाबा आता पाठवणार नाहीत." मग म्हणाली, "मी शिक्षण सोडलं हे काकूंना सांगू नका हं. उगाच स्वतःला दोष देत बसतील."

गुन्हेगार काय लपवतो हे शोधण्यात माझी सगळी नोकरी गेली. घरची माणसं मायेनं काय लपवतात ते या केसनं शिकवलं, पण फार उशिरा. वाईट वाटतं, फार वाटतं.

काकू अजून देवळात भेटतात. "ती पोरगी कशी आहे हो?"

"मजेत आहे, काकू. अभ्यास जोरात चाललाय," मी सांगतो.