काकाजींच्या बैठकीतलं शेवाळ

भुताखेताच्या गोष्टी कोणी काढल्या की मी सरळ उठून जायची. बीएस्सी केलंय मी वर्ध्याला, बॉटनी घेऊन. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय... पण घडलं ते घडलं.

गाव हिंगणघाट, साल एक्क्याऐंशीच्या आसपास. माझी मोठी बहीण सुधाताई, हिच्याकडे माशांचा टँक होता — लोखंडी पट्ट्यांत बसवलेल्या काचा आणि वर एक बल्ब. वणा नदीतून आणलेल्या पाणवनस्पती तिने त्यात अशा काही वाढवल्या होत्या की आळीतले लोक बघायला यायचे. पाणी कायम स्वच्छ.

ताईचं लग्न आर्वीला जमत आलं होतं. मुलाकडचे रीतीप्रमाणे चौकशीला आले आणि नेमके माझ्या सख्ख्या काकाजींच्या दुकानात जाऊन बसले. काकाजींनी सांगितलं, पोरीले मिरगी येते. फिट तर सोडाच, ताईला आयुष्यात कधी साधी चक्कर आली नव्हती! स्थळ गेलं, बोभाटा गावभर झाला, मग कोणी विचारायलाही येईना. आणि दिवाळीनंतर कळलं की त्याच मुलाशी काकाजींनी स्वतःच्या पोरीचं, नंदाचं, साक्षगंध म्हणजे साखरपुडा ठरवलाय.

बाबा मोठे भाऊ म्हणून भांडायला गेले नाहीत. मी मात्र रोज देवासमोर काकाजींचं वाटोळं मागायची. खोटं कशाला बोलू.

त्यात हा माणूस आमच्याच घरी आला. "सुधे, पाहुणे येऊन राह्यले. तो मासोळ्याईचा डब्बा आमच्या बैठकीत ठेवतो. शोभा येईन."

मला वाटलं, ताई आता फाडून खाते. ती शांतपणे म्हणाली, "न्या ना काकाजी."

टँक गेला आणि दोन-तीन दिवसांत मला बोलावणं आलं. जाऊन बघते तर पानं, रेती, काचा, सगळ्यावर निळसर हिरवा बुळबुळीत थर. दुधावरच्या सायीसारखा सुटून हातात येत होता. वर कुबट वास. ही ब्लू-ग्रीन अल्गी, लगेच ओळखली. काकाजींच्या घरात ती बघून मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! पण नंदा रडत होती, आणि तिला बिचारीला बापाच्या खोटेपणातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिच्यासाठी म्हणून मी थर काढला, पाणी बदललं, बल्ब बंद केला आणि टँकवर जाड सतरंजी टाकली. तीन-चार दिवस उजेड मिळाला नाही की ही अल्गी मरते, इतकं साधं आहे.

चौथ्या दिवशी, साक्षगंधाच्या सकाळी, सतरंजी काढली तर थर दुप्पट झालेला. मिट्ट अंधारात. मासे मात्र मजेत फिरत होते.

मी घरी जाऊन ताईला विचारलं, "तू काही टाकलं का त्यात?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी काऊन टाकू? त्याइले खरं बोलू दे. मंग साफ होईन."

हा निरोप मी काही काकाजींना दिला नाही. देणार तरी कोणत्या तोंडाने?

भरलेला टँक हलवायला वेळच उरला नाही; दुपारी पाहुणे बैठकीत बसले. वासाने मुलाच्या आईने नाकाला पदर लावला आणि विचारलं, "कोणाचा हाये हा डब्बा?"

"पुतणीचा," काकाजी म्हणाले, आणि तिथेच थांबायचं सोडून बोलत गेले, "तिले मिरगी नाई. कधीच नोती. मी खोटं बोललो तुमच्यापाशी." बोलून झाल्यावर ते स्वतःच दचकले. आपण असं का बोललो, हे त्यांना कधीच सांगता आलं नाही. पाहुणे न जेवता एसटी स्टँडवर गेले.

संध्याकाळी मी टँक आणायला गेले तेव्हा पाणी आरपार स्वच्छ होतं. कोणीही हात लावला नाही, असं काकू शपथ घेऊन सांगत होती.

पुढे आर्वीहून ताईसाठी पुन्हा विचारणा आली. ती बाबांना म्हणाली, "ऐकलं की खरं मानणारे लोक मले नाई पाह्यजे." तिचं वडनेरला चांगलं झालं. नंदाचंही झालं, पण उशिरा. नंदाचं वाईट वाटतं मला. काकाजींचं आजही वाटत नाही.

अंधारात ते वाढलं कसं आणि एका दुपारीत गेलं कुठे, याचं उत्तर माझ्या बॉटनीत नाही. ताईला विचारलं तर ती नुसती हसते. पण ती माहेरी आलेली असताना काकाजी घरी आले, की तिने दिलेलं पाणी ते आधी खिडकीच्या उजेडात धरून बघायचे. आणि ते घोट घेईपर्यंत ताई समोरून हलायची नाही.