रक्तात आहे

कोपरं, मांड्या, पाठ, सगळीकडे माझे सोरायसिसचे चट्टे. खाजवलं की पांढरा भुसा पडतो, म्हणून काळा शर्ट मी कधी घेतला नाही आणि एका जागी फार वेळ बसतही नाही. माय रोज ओरडायची, "अंगाले नीट साबण लावत जा ना!" जसा काही मी मळाचाच बनलो आहे.

मागच्या महिन्यात एका रविवारी गोंदियाच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा नीट समजावून सांगितलं. रक्तातले काही घटक कातडीतल्या एन्झाइमचं काम वाढवतात, मग कातडी घाईघाईने तयार होते आणि तशीच झडते. यात अंघोळीचा दोष नाही, अन् हे शिवल्याने कोणाला होत नाही. काय सांगू, एवढा हलका झालो! आमचं गाव मुर्री येईपर्यंत गाडीवर एकटाच हसत होतो.

घरी धाकट्या बहिणीला पाहायला दवनीवाड्याचे पाहुणे आले होते. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, तसं मुलाच्या आईचं लक्ष माझ्या कोपराकडे गेलं. तिने ग्लास घेतलाच नाही. माझं डोकं सटकलं. म्हटलं, "घाबरू नका बाई, दोष कातडीत नाहीच. रक्तात आहे!"

झालं! आमच्याकडे 'रक्तात आहे' म्हणजे खानदानात आहे. मुलाच्या बापाने पोह्यांची बशी खाली ठेवली. बाबा पंख्याकडे पाहत बसले. मी घटक, एन्झाइम करत सुटलो आणि जितकं समजावलं तितका चिखलात रुतत गेलो. त्यात सगळ्या अंगाला खाज सुटली. हात मांड्यांखाली दाबून बसलो.

मुलाच्या आईने सरळ बहिणीलाच विचारलं, "तुले बी हाये का वं?"

बहिणीचं अंग स्वच्छ आहे. मी मनात म्हणत होतो, नाही म्हण, बाई, बाही वर करून दाखव, मोकळी हो. मुलगा तिला आवडला होता, हे मला माहीत होतं.

"आज नाही," ती म्हणाली. "पण रक्त तं एकच हाये आमचं. उद्या निघालं तं मी बी भावासारखीच खाजवत बसीन."

"कळवतो," म्हणून पाहुणे उठले. आठ दिवस मी घरात-बाहेर येरझारा घातल्या, फोन वाजला की धावलो. नवव्या दिवशी नकार आला. मला बहिणीकडे पाहवेना. अंगणात उभा राहून नुसता खाजवत होतो.

"कायले खाजवून राहिला? मलम आण इकडे," ती ओरडली. पाठीला माझा हात पोचत नाही. तिने शर्ट वर केला आणि बोटांनी चट्ट्यांवर मलम चोळू लागली. मी म्हटलं, "चुकलंच माझं."

"पुढचे पाहुणे आले का तूच पहिले सांगजो," ती म्हणाली. "मंग जे बसतीन, त्याह्यलेच मी चहा देईन."