धरमसिंग काकांचा बिनहॉर्नचा रस्ता

आमच्या गावात धरमसिंग काकांबद्दल एक गोष्ट सगळ्यांना पक्की माहीत आहे. ते सरकारचे खबरे आहेत. रोज पहाटे सायकल घेऊन पांदणीत जातात, डबा घेऊन बसलेल्या माणसांचे मोबाइलवर फोटो काढतात आणि वर पाठवतात. मला हे मोहनसिंगनं पानठेल्यावर सांगितलं. मोहनसिंगच्या गालात कायम सुपारी-तंबाखूचा खर्रा असतो, म्हणून तो हनुवटी आभाळाकडे करून बोलतो: "थरकारी मानूथ हाय तो, थांगून थेवतो!" वाक्य संपलं की मान खाली आणि पिचकारी. त्या ठेल्याखालची जमीन मी जन्मलो तेव्हापासून लाल आहे.

गोष्ट साफ खोटी. फोटो काढणं दूर, काकांना तिकडे बघवतही नाही. पांदण म्हणजे शेतांकडे जाणारा आमचा गाडीरस्ता, आणि गावातल्या बाप्यांचा संडास. पांदणीच्या तोंडाशी नाल्यावरचा ठेंगणा पूल, म्हणजे रपटा, आला की काका नजर पुढच्या चाकावर ठेवतात, श्वास कोंडतात आणि पायडल हाणतात. थेट त्या टोकाच्या बाभळीपर्यंत, एका श्वासात. बाभळीपाशी "हाऽऽफ" असा आवाज येतो, टायरमधली हवा गेल्यासारखा. तो आवाज मला छान जमतो.

किळस हा काकांचा स्वभाव आहे. हॉटेलातल्या कपाला ते ओठ लावत नाहीत, चहा वरून ओततात. कुणी हात मिळवला तर तो हात घरी जाईपर्यंत अंगापासून लांब धरतात. याला कारण आहे. काका एकतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते.

"बाबू," ते मला सांगतात, आणि त्यांचं वाक्य गिअर बदलत बदलत पुढं जातं, "तुले वाटते डायवर रस्ता पायते. डायवर आरसा पायते. अन् आरशात काय दिसते? खिडकीतून भायेर आलेलं मुंडकं. अन् मुंडक्यातून..." इथं त्यांची उजवी नाकपुडी वर जाते आणि वाक्य तिथंच बंद पडतं. मग हॉर्न. पुढचा ट्रक वाजवतो म्हणून मागचा वाजवतो, मागचा वाजवतो म्हणून वरातीतला वाजवतो. निवृत्त झाले त्या दिवशी काकांनी घरी येऊन कान धुतले. पाण्यानं, साबण लावून. मग एक सायकल घेतली, तिची घंटीसुद्धा काढून टाकली आणि आवाज नसलेले रस्ते शोधायला लागले.

असे रस्ते त्यांनी शोधलेही. केनवडकडून हायवे सोडायचा, सागाच्या जंगलातून चढ चढायचा, पाझर तलावाच्या भिंतीवरून उतरायचं, दोन टेकड्यांच्या मधून रिठदच्या अंगानं फिरून आमच्या गावात. सव्वीस किलोमीटर. कुठं मोर आहेत, कुठं कुत्रं मागं लागतं, कुठल्या चढावर उतरून चालण्यात लाज नाही, हे सगळं काकांना बसच्या थांब्यांसारखं पाठ.

हे खूळ वाढलं ते मोबाइलमुळे. भूमध्य समुद्रात कोर्सिका नावाचं बेट आहे. तिथल्या डोंगरातून सायकली चालवणाऱ्यांचे व्हिडिओ काका रोज जेवताना बघतात. मलाही बसवतात.

"पाय, पाय. घंटा झाला, एक मोटर आली. अन् हार्न? नाई वाजवला! मांगं मांगं येऊन राह्यली, गरीब गाईवानी." मग जरा वेळानं, "डोंगर आपल्याकडं बी हाय. बकऱ्या त्यायच्याहून जास्त हाय. समुद्र नाई, तं तलाव हाय. मंग आपल्याकडं कमी काय हाय?"

"कमी काई नाई काका," मी म्हणालो. "पांदण जास्त हाय."

नाकपुडी वर.

दिवाळीनंतर काकांनी आपला रस्ता सायकलवाल्यांच्या एका ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: 'एकही हॉर्न ऐकू येणार नाही. जबाबदारी माझी.' चार दिवसांनी अकोल्याहून रूपाताई नावाच्या बाईंचा फोन आला. बारा जण येणार, येत्या रविवारी. पहाटे अंधारात केनवडहून निघून उजाडता उजाडता गावात. फोन ठेवल्यावर काका ओट्यावर नुसते बसून राहिले. एकतीस वर्षं त्यांनी लोकांना लोकांच्या मर्जीच्या ठिकाणी पोचवलं होतं. त्यांच्या मर्जीचा रस्ता बघायला कुणीतरी पहिल्यांदाच येत होतं.

आणि तो रस्ता गावात शिरत होता पांदणीतून. सकाळी सहाला. दुसरी वाट हायवेची, आणि हायवेला काकांचा शब्द खोटा पडणार.

शुक्रवारी संध्याकाळी काका पारावर गेले आणि हात जोडून म्हणाले, "एका रविवारचा सवाल हाय. तुमच्या घरी संडास हायेत ना?"

"हायेत ना," मोहनसिंग म्हणाला. "फरशीवाला हाय माह्या घरी."

"मंग?"

"त्यात कुटार हाय."

सगळे हसले, कारण सगळ्यांच्या संडासात कुटारच होतं. सोयाबीन निघालं की भुसा ठेवायला कोरडी, दाराची, कडीची जागा गावात तेवढीच. आमच्याही घरी अकरा पोती होती. मग काकांचे थोरले भाऊ मदनसिंग बोलले. ते प्रत्येक शब्द खाकरून काढतात, विहिरीतून बादली काढल्यासारखा. "धरम. ख्र्ऱ. मोकळ्या हवेशिवाय मले होत नाई. सत्तर वर्साची सवय हाय. तुह्या पाव्हण्याईसाठी मी काय पोट बांधून बसू?"

पार इतका हसला की पारावरचं कुत्रं उठून गेलं. काका परतले. मी मागोमाग, मदनसिंगांसारखं खाकरत.

"रविवारी पाच तरी बसतीनच, काका."

"एक बी नाई बसनार."

"लावता?"

"लाव. हारला तं तुमच्या संडासातलं कुटार तू काढशीन. एकट्यानं."

"अन् तुमी हारले तं?"

"सायकल इकून टाकतो." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मला गंमत वाटत होती, त्यांना नव्हती.

शनिवारी काकांच्या पुतण्यानं, नवीननं, ट्रॅक्टर आणला आणि कडेची माती ओढून पांदणीवर पसरली. काका नाकाला उपरणं बांधून पुढं चालत होते आणि काठीनं जागा दाखवत होते. दोनदा बांधाकडे धावले. कशासाठी ते सांगत नाही. मी रात्री घरी तो आवाज काढून दाखवला तेव्हा आईनं माझं ताट उचलून नेलं.

इथं एक रिवाज सांगायला हवा. हातात डबा असलेल्या माणसाला ओळख द्यायची नसते. तो दिसत नसतो. सख्खा बाप समोरून आला तरी पोरगा चांदण्या मोजत पुढं जातो. हे कुठं लिहिलेलं नाही, पण हे मोडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

रविवारी पाचच्या आधीच काका पांदणीच्या तोंडाशी रपट्यावर उभे होते. स्वेटर, कानटोपी, उपरणं नाकावर. वास मातीखालूनही येत होता. पहिला आला मोहनसिंग. काकांनी उपरणं खाली ओढलं आणि डेपोत गाडी लागल्यावर द्यायचा तो आवाज दिला.

"जय सेवालाल, मोहनसिंग!"

मोहनसिंग जागच्या जागी थिजला. उत्तर देणं भाग, आणि उत्तर द्यायचं तर हात जोडणं भाग. त्यानं जोडले. मधे डबा.

"जय... सेवालाल."

"पोरगी कामरगावले दिली ना तुही? मीच सोडली होती, नव्या नवरीले. दिवाळीले आली नाई का?"

"नाई आली."

"काहून? सासू बरी नाई काय?"

"बरी हाय." मोहनसिंग एका पायावरून दुसऱ्या पायावर गेला.

"अन् जवाई काय करून राह्यले?"

जावई, जावयाचं दुकान, दुकानाचं भाडं. भाड्याच्या प्रश्नाला मोहनसिंग म्हणाला, "डबा घासाले आनला होता," आणि वळला. झपझप.

मग एकेक येत गेला. ज्याचा जो नमस्कार, तो काका घालत होते: कुणाला राम राम, कुणाला जय भीम. कुणाची बहीण कुठल्या थांब्यावर उतरायची, कुणाच्या बापाला प्रवासात मळमळायचं, सगळं त्यांच्या ध्यानात. मधेच त्यांना उमासा यायचा, तो गिळून पुढचा प्रश्न विचारायचे. नऊ जण आले, नऊ परत गेले. दहावा शहाणा निघाला, बाजूच्या तुरीत शिरला. काका तुरीकडे तोंड करून ओरडले, "राम राम!"

तुरीचे शेंडे हलले. मग तुरीतून उत्तर आलं, "राम राम."

"हा धरा एक!" मी म्हणालो.

"बसला नव्हता. वाकला होता." आणि खरंच, तो कमरेचं सावरत बाहेर आला.

उजाडायला लागलं आणि मदनसिंग दिसले. मी हात चोळले. थोरल्या भावाला जावई विचारून अडवता येत नाही. काकांचा चेहरा उतरला. दूर बाभळीकडे सायकलींचे दिवे लुकलुकत होते. मदनसिंग धाकट्या भावाकडे न बघता रपट्यावर चढले, तसे काका पुढं झाले आणि त्यांचे पाय धरले.

"दादा, आशीर्वाद दे. पाव्हणे येऊन राह्यले."

"सोड. ख्र्ऱ. सोड, धरम!"

"आशीर्वाद दे."

"अरे घाई हाय मले, नालायका!"

पण पाय सुटेनात, आणि पायाशी आलेल्याला नुसता कसा पाठवणार. शेवटी मदनसिंगांनी डबा खाली ठेवला आणि काकांच्या कानटोपीवर हात ठेवला. तेवढ्यात बाराही सायकली येऊन थांबल्या. घामाघूम रूपाताई उतरल्या. समोर एक म्हातारे गृहस्थ, पायाशी पाण्याचा भरलेला डबा.

"अय्या, पाहुण्यांसाठी पाणीसुद्धा ठेवलंत! आजोबा, किती छान!"

त्यांनी ओंजळ पुढं केली. आता मदनसिंग काहीही असोत, दारी आलेल्या पाहुण्याला पाणी नाही म्हणणारे नव्हेत. त्यांनी डबा उचलला आणि धार धरली. रूपाताईंनी तोंड धुतलं. मग चूळ भरली. काकांच्या दोन्ही नाकपुड्या वर गेल्या, असं मी आजवर एकदाच पाहिलं आहे. मागच्या दोघांनीही ओंजळी पुढं केल्या.

"एकही हॉर्न नाही, काका," रूपाताई तोंड पुसत म्हणाल्या. "शब्दाचे पक्के निघालात. फक्त इथं जरा खताचा वास येतो."

"शेती हाय ना," काका म्हणाले.

मदनसिंग रिकामा डबा घेऊन घराकडे निघाले. पाणीच नाही, तर करणार काय.

दुपारी मी आमच्या संडासाची कडी काढली. पहिल्या पोत्याखाली विंचू, चौथ्याखाली उंदरीण आणि तिची सात गुलाबी पिल्लं, सातवं पोतं खालून कुजलेलं आणि त्यात काय होतं ते मी तोंडात आणणार नाही. दहा पोती झाली तेव्हा माझ्या केसात, कानात, दातांत कुटार होतं आणि मी बांधाकडे दोनदा धावून आलो होतो. काका अंगणाच्या पार त्या टोकाला, उपरणं नाकावर धरून उभे.

"झालं, काका."

"अकरा होती म्हने," ते तिथूनच म्हणाले. "कोपऱ्यात पायून घे."