वॉकर घेऊन घर बघणारी स्टाफरूम

घर घ्यायला निघालेल्या माणसाला घर मिळो न मिळो, किस्से मात्र भरपूर मिळतात! आमच्या शाळेत तर मधल्या सुट्टीत डबे उघडायच्या आधीच कुणीतरी म्हणतं, "जाधव सर, रविवारचं सांगा." गंमत म्हणजे असं म्हणणारे तिघंही त्या रविवारी माझ्याबरोबरच असतात!

आधी थोडं आमच्या घराविषयी. आम्ही अलिबागला दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो. लिफ्ट नाही. आईच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि तिचं खाली उतरणंच बंद झालं. विहारात जाणं बंद, चार बायकांत बसणं बंद. गॅलरीतून खालच्या मासेवालीशी ओरडून बोलते, तेवढाच काय तो तिचा समाज. तिला स्वतःच्या पायांनी दाराबाहेर पडता यावं, माणसांत बसता यावं, असं तळमजल्याचं घर मला हवं होतं. हे मी एकदा स्टाफरूममध्ये बोललो, आणि विज्ञानाचे म्हात्रे सर, गणिताच्या शेख मॅडम आणि पीटीचे ठाकूर सर यांनी माझं काम स्वतःच्या अंगावर घेतलं. मी नुसता मागच्या सीटवर!

*

ठाकूर सरांची पद्धत आधी सांगितली पाहिजे. ते आईचा जुना वॉकर डिकीत टाकून आणायचे. घर आलं की गुडघ्यांना क्रेप बँडेज गुंडाळायचे आणि वॉकर धरून घरभर फिरायचे. पायऱ्या, उंबरठे, बाथरूम, सगळं आईच्या चालीनं. मग आतून आवाज यायचा, "बाथरूमचा उंबरठा फाऊल!"

चौलला एका घरी मालकीणबाई त्यांच्याकडे बघून इतक्या हळहळल्या, की आम्हाला काही सांगायची सोयच राहिली नाही. आतून तेलाची बाटली आणली, रोज दोनदा लावा म्हणाल्या. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "एवढं तरणं माणूस! लग्न झालंय का हो यांचं?"

घर नाही घेतलं. तेल मात्र आई अजून लावते, आणि बरं वाटतं म्हणते.

*

म्हात्रे सर इथलेच, किनाऱ्यावरचे. त्यांचं एकच म्हणणं, घर मे महिन्यात बघायचं. "पावसात काय, सगल्याच विहिरी गोड! मे मध्ये पानी चाखा, मंग बोला."

म्हणून आम्ही भर उन्हात रेवदंड्याच्या बाजूला एक बंगली बघायला गेलो. मालकांनी कोकम सरबत पुढे केलं. म्हात्रे सर म्हणाले, "सरबत नको, नुसतं पाणी द्या." मालकांनी सीलबंद बाटली आणली.

"ही नको. तुमच्या विहिरीचं द्या."

मालक म्हणाले, "विहिरीचं? काय बोलताय राव! आम्ही स्वतः नाही पीत, तुम्हाला कसं देऊ?"

बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. सरबत मात्र फार छान होतं.

*

मांडव्याजवळच्या एजंटचं पालुपद एकच होतं. "गेटवे एक तास! फक्त एक तास!" आईला अधूनमधून मुंबईच्या डॉक्टरांकडे न्यावं लागतं, त्यामुळे मी खूश झालो.

शेख मॅडमनी चष्मा वर केला. "पावसाळ्यात? लाँच बंद असतात, आणि मोठी बोट समुद्राची मर्जी बघून सुटते. तेव्हा किती तास?"

एजंट हसून म्हणाला, "मॅडम, एवढा मस्त पाऊस सोडून मुंबईला जायचंच कशाला?"

*

पुढचं घर खाडीच्या कडेला होतं. "पाणी भरतं का?" असं आम्ही विचारायच्या आत मालक म्हणाले, "थेंब येत नाही!" पण घरातले सगळे स्विचबोर्ड माझ्या डोक्याच्याही वर. शेख मॅडमनी कारण विचारलं.

"लहान मुलं हात लावतात ना!"

"किती मुलं आहेत?"

"अजून नाहीत."

मालकांचे वडील ओट्यावर बसून जाळं विणत होते. त्यांना राहवलं नाही. म्हणाले, "पानी येतंय. पन ऱ्हात न्हाय. भरती सरली का जातंय आपलं!"

*

आता वरसोलीचा किस्सा. किनाऱ्याजवळचं घर, आणि भरतीच्या रेषेला लागून बांधायला सरकारची बंदी, म्हणून अंतर किती ते बघावं असं ठरलं. ठाकूर सरांच्या हातात शाळेची ग्राउंड आखायची टेप, मॅडम छत्री घेऊन झाडांच्या सावलीत उभ्या, म्हात्रे सर कमरेवर हात ठेवून चौफेर बघतायत. आम्ही अजून मापं घेतोय तोवर शेजारच्या होमस्टेचा माणूस धावत आला.

"साहेब, ही शेड तात्पुरती हाय! सकाली काढतो. आधी नारलपानी घ्या."

म्हात्रे सरांनी टोपी काढली. "अरे येड्या, मी कसला साहेब? तुझ्या पोराचा सायन्सचा मास्तर मी!"

तो माणूस आणखीच घाबरला. "म्हंजे त्याचं पन काय निघालं का?"

*

हा किस्सा आम्ही स्टाफरूममध्ये फारसा सांगत नाही, पण सांगतो. एक घर अगदी मनासारखं मिळालं. पाणी गोड, एकच बुटकी पायरी, ठाकूर सर वॉकर घेऊन न अडखळता परसापर्यंत जाऊन आले. मालकांनी चहा टाकला आणि माझं आडनाव विचारलं.

"जाधव."

"कुठले जाधव?"

"पालीकडचे."

"तसं नाही... म्हणजे, कुठले?"

मी सांगितलं, आम्ही बौद्ध आहोत. चहा आला, पण चहाबरोबर मालकांना आठवलं की घर कालच बुक झालंय.

गाडीत म्हात्रे सरांचे कान लाल झाले होते. शेख मॅडम म्हणाल्या, "जाधव सर, आपण दोघांनी मिळून घेऊ या का ते घर? तो माणूस गाव सोडून जाईल!" ठाकूर सर इतके हसले की गाडी बाजूला घ्यावी लागली. मीही हसलो. त्या दिवशी ती गाडी आणि ती तीन माणसं नसती तर मी घर बघणं तिथंच सोडलं असतं. त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडेच आहेत.

घरी आईला म्हटलं, "भिंतींना ओल होती." आईनं आयुष्यात असली ओल खूप बघितलीय.

*

आणि मग नागावच्या आतलं हे घर. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे चार माड. विहीर म्हात्रे सरांनी पास केली, बाथरूम ठाकूर सरांनी. जून ते ऑगस्टचं येणं-जाणं शेख मॅडमनी. ही मंडळी म्हणाली, आता आईला आणा.

ठाकूर सरांनी आणि मी आईला खुर्चीत बसवून दोन मजले खाली उतरवलं. घराशी आलो. आत जाऊन मी दिवे लावले, खिडक्या उघडल्या, आणि मागे बघतो तर आई आलीच नाही. ती वॉकर टेकत टेकत अंगणाच्या कडेला, कुंपणाशी पोचली होती. पलीकडे शेजारच्या पाटीलकाकू आमसुलं वाळत घालत होत्या.

"अवो बाई," आईनं हाक मारली, "वाईच विरजण हाय का?"

काकूंनी वर बघितलं. "कोन तुम्ही?"

"जाधव. पालीकडचे. बौद्ध हाओत आमी. ह्ये घर बघाया आलो."

मी पुढे व्हायला लागलो, तर शेख मॅडमनी माझा दंड धरला. काकूंनी हात पदराला पुसले आणि आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. म्हात्रे सर माडाकडे बघत उभे राहिले.

काकू आल्या त्या हातात वाटी घेऊन. कुंपणावरून ती आईच्या हातात दिली. "घ्या. पन वाटी रिकामी परत द्यायची न्हाय हां. कायतरी घालूनच द्यायची."

ठाकूर सर वाटी घ्यायला धावले, पण आईनं दिली नाही. एका हातानं वॉकर धरला, वाटी कुंपणावर टेकवली, करंगळी बुडवून चाखलं.

"आंबट हाय," आई म्हणाली.

"हायच मुळी!" काकू म्हणाल्या. "माझं आंबटच होतं. तुमचं लागलं का मला द्या मग."

म्हात्रे सरांना आता राहवेना. हळूच म्हणाले, "आई, अहो, विरजण घेतलंत, पण दूध कुठाय?"

"ते बघू," आई म्हणाली. "आदी घर दाखवा मला. आत काय काय हाय?"