दिवेलागणीला बंद पडणारा संगणक

दिवेलागणीला आमच्या भाईंदरच्या घरात धुपाचा वास दरवळतो, खाडीकडचा खारट वारा खिडकीचा पडदा फुगवतो. आणि यंदाच्या थंडीत नेमक्या त्याच तांबूस घटकेला आमचा म्हातारा संगणक काही न सांगता डोळे मिटून घ्यायचा.

याच संगणकावर अभ्यास करून मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर झाले. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. आता त्याच्यासमोर माझी आई बसत होती. पन्नाशी ओलांडल्यावर तिने बाहेरून दहावीला बसायचं ठरवलं होतं. परीक्षा तोंडावर आली होती, आणि भूमितीचा व्हिडिओ जरा रंगात आला की पडदा काळाठिक्कर. एका संध्याकाळी तिने पुस्तकं उचलून फळीवर ठेवली. "राहू दे गो बाय. माझं शिकणं त्यालापण सोसत नाही." तिचं ते निमूट माघार घेणं मला फार बोचलं.

मग मी हट्टाला पेटले. मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने घासल्या. केबिन रोडवरच्या दुकानातून पॉवर सप्लाय बदलून आणला.

"दीदी, अब इसको पेन्शन दे दो," दुकानदार म्हणाला.

"पहले मम्मी को दसवीं पास होने दो."

रविवारी सकाळभर यंत्र शहाण्यासारखं चाललं, संध्याकाळी पुन्हा अंधार.

शेवटी एक दिवस रजा टाकली, आईला पुन्हा धड्यासमोर बसवलं आणि नुसती पाहत राहिले. ऊन उतरलं. आई उठली, तिने निरांजन लावलं, धूप पेटवला, आणि जुन्या साडीचं, झालर लावून शिवलेलं कव्हर चालू सीपीयूवर मायेने पार खालपर्यंत ओढलं. मागचा पंखा जरीच्या काठात गुदमरला.

"आई, हे काय?"

"धुराने काळा पडेल ना. तुझं शिक्षण झालंय त्याच्यावर."

मी झालरीखाली हात घातला. डबा तव्यासारखा तापत चालला होता. मी आईचाही हात त्यावर टेकवला.

"म्हणजे मीच त्याचा श्वास कोंडत होते?"

"रोज. न चुकता."

दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. मग कव्हर काढलं, पंख्यावरची काजळी ब्रशने झाडली, धूप गॅलरीत गेला. फळीवरची पुस्तकं आईनेच खाली घेतली. बाहेर काळोख दाटला तरी यंत्र संथ गुणगुणत राहिलं.

रेडिओ, मिक्सर, माझ्या शाळेच्या वह्या. मोलाचं जे जे होतं ते आईने झाकूनच जपलं. शिकायची तिची स्वतःची हौसही इतकी वर्षं अशाच कुठल्याशा झालरीखाली धुगधुगत असेल का? त्या कव्हराची तिने आता पुस्तकांसाठी पिशवी शिवली आहे. काल दिवेलागणीला मी तिला त्या हौसेबद्दलच विचारायला गेले, तर तिने पडद्यावरची नजरही न हलवता हात वर केला.

"थांब गो जरा. प्रमेय चाललंय."