तासगावच्या स्टेजवर शालन जे बोलली

तासगावच्या त्या संध्याकाळी मी पडद्यामागे साडीच्या निऱ्या सारख्या करत उभी होते... आणि स्टेजवरून जे ऐकू आलं त्यावर विश्वासच बसेना. आज इतक्या वर्षांनी लिहितेय, तरी शब्दन् शब्द आठवतोय.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीत तेव्हा गल्लोगल्ली ऑर्केस्ट्रा निघाले होते. बेलबॉटम, मानेवर रुळणारे केस, लांब कल्ले... अशा पोरांना लोक हिप्पी म्हणायचे आणि कार्यक्रमाला मात्र मुलाबाळांसकट पुढे येऊन बसायचे.

आमच्या ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या मुली दोनच. मी आणि शालन. शालन कुंडलची, शिकायला सांगलीत मावशीकडे राहायची. वडील फौजेत, त्यामुळे घरचा सगळा कारभार तिच्या चुलत्यांच्या, तात्यांच्या हातात. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून आम्ही एका डब्यात जेवायचो. मी मुलींच्या घोळक्यात गप्प राहणारी, ती थेट बोलणारी.

आणि अशोक. आमचा गिटारवाला. मुंबईच्या मामानं दिलेली इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून तो उभा राहिला की रिहर्सलच्या खोलीत कुणाला दुसरं काही सुचायचं नाही. मला तर नाहीच नाही.

हे मी कुणाला बोलले नव्हते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मात्र कृष्णेच्या घाटावर बसून शालनला सगळं सांगून टाकलं. तिनं पाण्याकडे बघत माझा हात घट्ट दाबला. मला वाटलं, आनंद झालाय तिला.

दुसऱ्या दिवशी तासगाव. शालनचं गाणं झालं, टाळ्या झाल्या. पुढचं द्वंद्वगीत माझं आणि अशोकचं. तेवढ्यात ऑर्केस्ट्रा चालवणारे आमचे अण्णा ॲकॉर्डियन बाजूला ठेवून माइकवर आले. हसत हसत म्हणाले, एक गोड बातमी आहे... आपल्या अशोकचं आणि शालनचं लग्न आज दुपारी ठरलं.

मंडपात शिट्ट्या. पहिल्या रांगेत तात्या आणि अशोकचे वडील शेजारी शेजारी बसलेले. अशोक मान खाली घालून हसत होता.

माझ्या डोक्यात एकच विचार... काल हात दाबला तेव्हा हे जुळतंय, हे हिला माहीत होतं. सगळं माहीत असून हिनं माझं बोलणं ऐकून घेतलं.

पडद्याच्या फटीतून बघितलं, तर शालनचा चेहरा पांढराफटक. तिनं अण्णांच्या हातातून माइक घेतला. आवाज अजिबात चढवला नाही.

"ह्ये मला बी आत्ताच कळतंय. मला कुणी इचारलेलं न्हाई. माझा व्हकार न्हाई."

मंडप एकदम गार. त्या काळात, भर मंडपात, चुलत्यांच्या समोर एक मुलगी असं बोलते! कोंगोवाल्याचे हात तसेच वर राहिले. तात्या उठून उभे राहिले.

मी कशी स्टेजवर गेले, आजही आठवत नाही. अण्णा गाणं सुरू करा म्हणून खुणा करत होते, पण अशोकची बोटं चालेनात. मी शालनच्या शेजारी उभी राहिले आणि माझी ओळ सुरू केली. रिहर्सल ऐकून ऐकून तिला सगळं पाठ होतं... अशोकच्या ओळी तिनं म्हटल्या. अर्ध्या गाण्यानंतर कुठे कोंगोवाल्यानं ठेका धरला. टाळ्या फार नाही झाल्या. पण तात्या खाली बसले.

त्याच रात्री ते तिला कुंडलला घेऊन गेले. कॉलेज बंद, गाणं बंद. अण्णांनी मलाही पुन्हा बोलावलं नाही. अशोक एकदा माझ्या घरी येऊन गेला... बिचारा खरंच गोंधळला होता. "घरच्यांनी ठरवलं म्हणजे तिला चालेल असं वाटलं मला," म्हणाला. वाईट मुलगा नव्हता. पण त्याच्याकडे बघताना माझ्या आत आधीसारखं काहीच हललं नाही. याचंही मला नवल वाटलं.

पुढे शालनचे वडील सुटीवर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि एक दिवस स्वतः तिची ट्रंक खांद्यावर घेऊन तिला सांगलीला सोडायला आले. तात्यांशी काय बोलले, ते कुणाला कळलं नाही.

आम्ही दोघी मावशीच्या गच्चीवर बसलो. मी विचारलं, माझ्यासाठी एवढं केलंस का गं?

"तुज्यासाठी न्हाई केलं, विजे. मला इचारलं न्हाई म्हणून केलं." मग म्हणाली, "आवडत व्हता मला अशोक. तुज्या आदीपासनं."

स्टेजवरच्या धक्क्यापेक्षा हा मोठा होता. घाटावर मी बडबडत होते तेव्हा ही हे पोटात ठेवून बसली होती... कसंबसं विचारलं, "आणि त्यानं आधी विचारलं असतं तर?"

"तर पैलं तुज्याकडं आले असते. तुला सांगितल्याबिगर व्हय म्हटलं नसतं."

शालन पुढे शाळेत शिकवू लागली, स्वतः बघून, बोलून लग्न केलं. माझंही छान झालं. अशोकचं नाव आमच्यात क्वचित निघतं, तेही हसत.

मनातलं खरं बोलून दाखवणारी आणि तरी सोडून न जाणारी एक मैत्रीण मला मिळाली... यापेक्षा जास्त काही मागावं असं कधी वाटलंच नाही.